पापुद्रा

एवढं शिकलेली लेक, पण चारचौघांत आईविषयी काय बोलावं याची तिला पोच नाही, हे तारबाईला आज दुपारी कळलं. लेक ओरडली असती तर चाललं असतं. ओरडण्याला उत्तर देता येतं, आणि उत्तर देण्यात तारबाई आजवर कुणाला हार गेली नव्हती. पण लेक हसत बोलली. प्रयोगशाळेतले मोठे सर सहज म्हणाले, "काय आजी, बघितलंत का लेकीचं मशीन?" तारबाई तोंड उघडणार, तोच लेक मध्ये पडली. "आईला यातलं काय कळणार, सर. चष्मा विसरले होते, तो द्यायला आलीये." सर हसले, सरांच्या मागे उभी असलेली दोन माणसं हसली, आणि तारबाईसुद्धा हसली. हे हसणंच तिला आता सलत होतं. तोंडात एवढी धारेची जीभ असताना ऐन वेळी ती टाळूला चिकटून बसली, आणि ओठ मात्र परक्या घरी आलेल्या सुनेसारखे लाचार हसले.

बसमध्ये लोक तिच्याकडे बघत होते. एक पोर तर आईच्या खांद्यावरून मान काढून टक लावून बसलं होतं. रागाने आपलं तोंड लाल झालं असेल, झालं तर झालं, असं म्हणून तिने खिडकीकडे मान वळवली. दोन बस बदलून, आठव्या मजल्यावर येऊन, कुलूप काढून तिने पिशवी खुंटीला लावली आणि तोंड धुवायला आरशासमोर उभी राहिली, तर डोक्यावर प्रयोगशाळेतली निळी कागदी टोपी तशीच. आत जाताना केस गळू नयेत म्हणून लेकीनेच घातली होती. म्हणजे एवढा वेळ, एवढ्या रस्त्याने, ती विदूषकासारखी आली, आणि अख्ख्या शहरात एक माणूस निघालं नाही की म्हणेल, बाई, टोपी. तिने टोपी काढली. फेकून द्यावी असं वाटलं, पण फेकली नाही. पिशवीशेजारी खुंटीवर अडकवली. मग ओट्यापाशी स्टूल ओढून बसली. घर सकाळी जसं टाकून गेली होती तसंच होतं. कप पालथा, फडकं वाळलेलं, खाली कुणाचीतरी गाडी सुरू होत नव्हती. लेक यायला अजून चार तास होते. असे चार-चार, आठ-आठ तास ती रोज बसून काढी, आणि त्याचं तिला काही वाटत नसे. आज मात्र घरातली हवा कुणीतरी उपसून नेल्यासारखी झाली होती.

तारबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. गाडीच्या पुढच्या दिव्यात बल्बमागे जी चकचकीत वाटी असते, तिला चमक चढवायच्या कारखान्यात तिने बारा वर्षं काढली. तिथे टंगस्टनच्या तारेला पीळ घालून वेटोळी करायचं काम तिच्यासारखं कुणाला जमत नसे. तार ठिसूळ, जरा घाई केली की काडीसारखी मोडायची, म्हणून हे नाव. त्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं, तेव्हा तीच स्वतःला मनातल्या मनात हाक मारी. ऊठ तारबाई, दूध उतू जाईल. गप तारबाई, तुला कुणी विचारलंय? लेकीला हे नाव ठाऊक नव्हतं. लेकीच्या लेखी आई दिव्याच्या कारखान्यात पॅकिंगला होती, खोक्यात वाट्या भरायला. तसं तिला तारबाईनेच सांगितलं होतं, लेक पाच-सहा वर्षांची असताना, आणि मग ते तसंच राहिलं. खोटं एकदा घरात राहायला आलं की भाड्याने आलेल्या माणसासारखं हळूहळू मालकच होऊन बसतं.

आणि आज दुपारी काय बघितलं तिने? बुटांवर पिशव्या चढवून, टोपी घालून, काचेच्या दोन दारांतून आत गेल्यावर तिला दिसलं पिंप. लेक त्याला चेंबर म्हणत होती, पण होतं पिंपच, कारखान्यातल्यापेक्षा लहान, गुडघ्याएवढं, आणि फार स्वच्छ. तसंच जाडजूड दार, तशीच बघायची गोल काच, खाली तसाच घरघरणारा पंप. तो आवाज पायांतून वर पोटात आला आणि तारबाईला एकदम आपण तिशीत आहोत असं वाटलं. कारखान्यातल्या पिंपाच्या मधोमध तारेची वेटोळी, वेटोळ्यांवर केसांच्या आकड्यांएवढे अ‍ॅल्युमिनियमचे आकडे टांगायचे, भोवती वाट्या लावलेला फिरता रहाट, दार बंद, पंप सुरू. हवा पार उपसून झाली की तारेत वीज सोडायची. तार आधी विटेसारखी लाल, मग केशरी, मग बघवणार नाही इतकी पांढरी. आकडे वितळून त्यांचे थेंब होत, थेंब तारेला बिलगून थरथरत, आणि मग धातू पाण्यासारखा वाफ होऊन निघून जाई. दाराच्या काचेवर क्षणात आरसा चढे. बघणारीला आतलं दिसायचं बंद होऊन स्वतःचंच तोंड दिसे. शेजारची जोडीदारीण म्हणायची, "आमच्या ह्यांच्यापेक्षा पिंप बरं गं. तापायच्या आधी लाल तरी होतं." हवा कशाला काढायची, असं तारबाईने एकदा सुपरवायझरला विचारलं होतं. तो म्हणाला, "हवा असली की वाफेला धक्के लागतात, ती भरकटते, काळी पडते. मोकळं असलं की सरळ जाते आणि जिथे पोचेल तिथे बसते." हे वाक्य तिला इतकं आवडलं की ती ते दिवसभर घोळवत राहिली. आता वाटायचं, हे काही खरं नाही. तिच्या आणि लेकीच्या मध्ये आडवं यायला कोण होतं? नवरा लेक पाळण्यात असतानाच वारला. लेकीने लग्न केलं नाही. घरात दोघीच, एवढं मोकळं. तरी एकीचं बोलणं दुसरीपर्यंत पोचून तिथे बसल्याचं गेल्या कित्येक वर्षांत कधी घडलं नव्हतं.

फक्त संध्याकाळचा अर्धा तास सोडून. गेले दोन महिने, थंडी सुरू झाल्यापासून, लेकीचे हात फुटले होते. काचा धुवायचं जे रसायन असतं, नखांचा रंग काढायच्या बाटलीसारखा वास येणारं, त्याने आणि थंडीने मिळून बोटांच्या पेरांवर भेगा पडल्या होत्या. एका संध्याकाळी कप धरताना ती कळवळली आणि तारबाईने काही न विचारता मेण घालून तेल कढवलं, तिला समोर बसवलं आणि तिचे हात मांडीवर घेतले. चाळीस वर्षांच्या बाईचे हात. डाव्या करंगळीवर भाजल्याचा डाग होता. तो कधी पडला हे आईला माहीत नव्हतं. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी लेक स्टुलावर येऊन बसे, बोलावल्याशिवाय, आणि हात पुढे करी. सकाळी निघताना पुन्हा थोडं. आणि हात आईकडे असले की तिचं तोंड सुटे. मी काचेवर चांदीचं गवत उगवते आई, असं तिने एकदा सांगितलं. काच सरळ धरली तर वाफ सपाट बसते. अगदी तिरकी धरली की आधी बसलेल्या कणांच्या सावलीत मागचे कण पोचत नाहीत, म्हणून धातू सपाट न पसरता काडी-काडीने वर वाढतो. केसाच्या जाडीचे हजार पापुद्रे केले तर त्यातल्या दोन-चार पापुद्र्यांएवढं उंच गवत. थेंबभर पाण्यात कणभर विष असलं तरी त्या गवताला ते कळतं. "तुला कळतंय का मी काय सांगतेय?" असं मध्येच विचारायची, आणि तारबाई म्हणायची, "तू सांग. मी ऐकते." तिला सगळं कळत होतं. पण कळतंय म्हणाली असती, तर कसं कळतं तेही सांगावं लागलं असतं.

आणि याच अर्ध्या तासात लेकीने हेही सांगितलं होतं, की गवत टिकत नाही. काच पाण्यात बुडवली की एका कोपऱ्यातून चांदी सुटते आणि पापुद्रा होऊन तरंगते. थंडीच्या आधी केलेली एकच काच टिकली, ती डबीत ठेवलीये. नंतरच्या सगळ्या वाया. पंपाचं तेल आत चढत असेल म्हणून पंप दोनदा उघडला. चांदीच्या आधी दुसऱ्या धातूचा हात देऊन बघितला. काही नाही. आणि या शनिवारी मशीनवरची तिची शेवटची पाळी. त्यानंतर मशीन दुसऱ्याच्या कामाला जाणार, आणि दाखवायला काच नसली तर लेकीच्या जागेवरही दुसरं कुणी येणार. आज गुरुवार.

त्या वाया गेलेल्या काचा तारबाईने आज स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्या. सर यायच्या आधी लेकीने टेबलावर ओळीने मांडल्या होत्या, काडेपेटीएवढ्या, निळसर काळ्या. प्रत्येकीच्या उजव्या कोपऱ्यात वालाच्या दाण्याएवढी टकली जागा. सगळ्यांना तीच. हे टक्कल तारबाईला तेव्हाच ओळखीचं वाटलं होतं. मग लेकीने नवी काच बसवायला घेतली. खोक्यातून निळा हातमोजा ओढला, बोटांना धरून. उजव्या हाताने डावा चढवला, डाव्याने उजवा, बोटाबोटावर नीट चापून बसवला. बाकीच्यांच्या काचा सपाट, त्या चिमट्याने जागेवर ठेवता येतात. लेकीची काच तिरकी, ती खाचेत बसेना, म्हणून तिने कोपऱ्यावर मोज्यातला अंगठा टेकवून ती हलकेच दाबली. उजवा कोपरा. तारबाईच्या जिभेवर शब्द आला होता, अगं, मोजा मनगटाशी धर. आणि त्याच क्षणी दार उघडून मोठे सर आले. काय आजी.

हे सगळं आता ओट्यापाशी बसून पुन्हा एकदा डोळ्यांसमोरून गेलं, आणि जे तिथे नुसतं ओळखीचं वाटलं होतं त्याचा अर्थ लागला. दोन महिने. काचा दोन महिन्यांपासून सुटतायत आणि हातांना तेल दोन महिन्यांपासून लागतंय. मेणाचं तेल, ते धुतलं तरी भेगांत राहतं, म्हणून तर गुणकारी. हातातून मोज्याच्या बाहेरच्या अंगाला, मोज्यातून काचेला, आणि काचेवर जिथे तेल तिथे वाफ बसते पण धरत नाही. पंपाचं तेल नव्हतं ते. तिचं होतं.

तिला हसू आलं, वाईट हसू. आईला यातलं काय कळणार! बरं, नाही कळत. नाही कळत तर नाही कळत. उघड पंप तिसऱ्यांदा. बोलाव तुझ्या सरांना, सगळे मिळून डोकी घाला त्या पिंपात. आजीने काही बोलायची गरज नाही. आजी चष्मा द्यायला आलीये. आणि संध्याकाळी लेक येईल, स्टुलावर बसेल, हात पुढे करेल. न बोलण्याने काही बिघडत नाही, उलट सगळं आहे तसं राहतं. जागा गेली तर जाईल, दुसरी मिळेल, हुशार आहे. जागा गेली तर उलट घरीच असेल. हा विचार आला आणि तारबाई स्टुलावरून उठून उभी राहिली, कुणीतरी ऐकलं असेल अशी. खाली ती गाडी अजून खोकत होती.

कारण न बोलण्याचा हा गोडवा तिच्या ओळखीचा होता. लेक आठ महिन्यांची असताना अशाच थंडीत तिची कातडी कोरडी पडून खवले निघायला लागले होते. पहाटे उठून तारबाईने तिला तेल लावलं, अंगभर, मेण घातलेलंच, मग साबणाने दोनदा हात धुतले आणि कामावर गेली. त्या दिवशीचा पूर्ण रहाट वाया गेला. चारशे वाट्या, प्रत्येकीला काठाशी अंगठ्याएवढं टक्कल. चिकटपट्टी लावून ओढली की चमक पट्टीला येई, वाटी उघडी पडे. सुपरवायझरने सगळ्यांना ओळीत उभं केलं आणि एकेकीचे हात हुंगले. तारबाईच्या हातांना साबणाचा वास होता. तिच्या शेजारच्या बाईची वेणी जाडजूड, तेलाने निथळणारी. तिला आधी दोनदा बोलणी बसली होती. "तूच," तो म्हणाला. ती शपथा घेत होती, आज केसांना थेंब लावला नाही म्हणत होती, आणि एकेकीच्या तोंडाकडे बघत होती. तारबाईकडे तिने बघितलं तेव्हा तारबाई तारेला पीळ घालत होती. पीळ सुरेख बसला, हे तिला अजून आठवतं. दुसऱ्या दिवशी वेणीवाली आली नाही, नंतरही नाही. आणि त्या दिवसापासून तारबाईने लेकीला तेल लावणं सोडलं. पोर सांभाळणारी शेजारीण लावायची. पुढे तर हात लावायचीच भीती बसली. ताप आला तर कपाळाला उलटा हात, वेणी घालताना फणी, रस्ता ओलांडताना मनगट. जेवढ्यास तेवढं. बारा वर्षांनी पिंप सुटलं, पण हाताची सवय सुटली नाही. पिंपाचं नाव काढलं की वेणीचं काढावं लागेल, म्हणून लेकीशी बोलताना ती पॅकिंगला गेली, नुसती तोंडी.

आता वेणीच्या जागी लेक उभी होती. पंपाच्या नावाने शपथा घेत, एकेकाच्या तोंडाकडे बघत.

तारबाईने तेलाची वाटी उचलून फडताळात वरच्या फळीवर ठेवली, जिथे तिचा हात खुर्चीशिवाय पोचत नाही. मग भिंतीवरचा नवऱ्याचा फोटो उतरवून त्याची काच मोकळी केली, सोड्याने घासली, तीन पाण्यांनी धुतली आणि काठाशी धरून उभी वाळवली. फोटो उलटा पडून होता. त्याला तसंही बघायला काही नव्हतं.

लेक आली ती दमलेली. चपला काढल्या, खुंटीपाशी थबकली. "ही टोपी इथे कशी?"

"त्यावर बोलू नकोस."

लेकीने आईच्या तोंडाकडे बघितलं आणि टोपी तशीच राहू दिली. चेहरा धुऊन आली, स्टुलावर बसली आणि रोजच्यासारखे दोन्ही हात पुढे केले. तारबाई समोर बसली होती, पण तिने हात घेतले नाहीत. ते तसेच मध्ये लोंबत राहिले.

"तेल संपलं?"

"आहे. लावणार नाही."

"सरांसमोर बोलले त्याचा राग आलाय ना? अगं, मला भीती वाटली, ते तुला काहीतरी विचारत बसतील आणि तू अवघडशील."

"त्यावर नंतर येते. आधी ते घाल." तारबाईने भांडी घासायचे रबरी मोजे पुढे केले, गुलाबी, कोरे, पाकीट आत्ताच फोडलं होतं.

"आई, काय चाललंय हे?"

"घाल म्हणते ना. मशीनवर घालतेस तसे."

लेकीने सुस्कारा सोडला आणि मोजा उचलला, बोटांना धरून. उजव्याने डावा, डाव्याने उजवा, चापून चोपून. तारबाईने काच तिच्या पुढ्यात धरली. "कोपऱ्यावर अंगठा टेकव. दाबू नकोस. आज टेकवलास तसा." लेकीने टेकवला, काढला. काचेवर काही दिसलं नाही. "आता श्वास टाक तिच्यावर. फुंकर नको, हा करून."

लेक वाकली आणि काचेवर श्वास सोडला. काच धुरकटली, एकसारखी, काठापासून काठापर्यंत. आणि उजव्या कोपऱ्यात वालाच्या दाण्याएवढी एक जागा काळी, स्वच्छ राहिली. धुकं विरेपर्यंत दोघी बघत होत्या. लेकीने पुन्हा श्वास टाकला. पुन्हा ती जागा उमटली. तिसऱ्यांदा टाकताना तिचा श्वास नीट येत नव्हता.

"हे तुला कुणी शिकवलं?" तिने अगदी हळू विचारलं.

"पिंपाने. मी पॅकिंगला नव्हते. बारा वर्षं तार बसवली, आकडे टांगले, काचेतून वाफ बघितली. तुझ्यापेक्षा मोठं पिंप होतं."

"आई! मग कधी बोलली का नाहीस?"

"एका बाईचं काम गेलं माझ्या अंगठ्यापायी. आणि मी गप्प बसले." वेणीचं, ओळीत उभं राहण्याचं, पहाटेच्या तेलाचं सगळं सांगायचं होतं, पण बाहेर आलं ते एवढंच. "बाकीचं पुन्हा कधीतरी."

लेकीने मोजे काढले. स्वतःच्या हातांकडे बघितलं, वरून, मग खालून, जणू ते कुणी तिच्याजवळ ठेवायला दिले होते. "म्हणजे दोन महिने हे तुझ्या तेलाने होत होतं."

"माझ्याच."

"आणि आता हात?" लेक म्हणाली. ते तिने असं विचारलं, की भेगांविषयी नाही, अर्ध्या तासाविषयी विचारते आहे, हे एखाद्या ठार बहिऱ्यालासुद्धा कळलं असतं. तारबाईचे हात मांडीवर होते, रिकामे. ते आपोआप उठायला लागले, तसे तिने एकमेकांत घट्ट अडकवले.

"फुटू देत," ती म्हणाली. "शनिवारपर्यंत रोज साबणाने घास, आणि मोजा मनगटाशी धरून चढव, बोटांना शिवायचं नाही. रक्त आलं तरी माझ्यापाशी हात घेऊन यायचं नाही. आणि ऐक. हुशार आहेस तू, पण समोरच्याला कळतं की नाही हे न विचारता ठरवतेस, ही तुझी खोड वाईट आहे, आणि ती तू माझ्याकडूनच उचललीस. शनिवारी काच टिकली की त्याच सरांसमोर उभी राहा, आणि आज हसलीस तशीच हसत, चारचौघांत सांग, आईच्या हाताने बिघडलं होतं, आईच्या तोंडाने सुधारलं."